मौलाना हसरत यांचा कमी सामानाचा संसार

१९०८ सालचा रमजान मौलाना हसरत मोहानी यांनी अलाहाबादजवळच्या नैनी तुरुंगात काढला. शिक्षा सक्तमजुरीची होती आणि मजुरी म्हणजे चक्की. रोज एक मण गहू, आजच्या मापाने सदतीस किलोच्या आसपास, दळून द्यायचा. अंगावर कैद्याची जांघ्या-बंडी, झोपायला तरटाचा तुकडा आणि एक कांबळे, खाण्यापिण्यासाठी लोखंडाची दोन भांडी, एक मोठे आणि एक लहान. एवढाच संसार. पहाटेच्या सहरीची सोय नव्हती, सूर्यास्ताला रोजा सोडण्यासाठी इफ्तारीचे काही मिळण्याची आशा नव्हती. पुढे त्यांनी एका शेरात ही गोष्ट नोंदवून ठेवली. त्यात तक्रार नाही. सामान नव्हते, तरी महिना पार पडला, एवढेच ते सांगतात.

हसरत हे नाव महाराष्ट्रातल्या पुष्कळ लोकांच्या कानांवरून गेलेले असते, फक्त त्यांना ते ठाऊक नसते. १९८२ मध्ये आलेल्या ‘निकाह’ या चित्रपटात गुलाम अली यांनी गायलेली, चोरून केलेल्या पहिल्या प्रेमाच्या आठवणींची गझल हसरत यांची. ‘इन्किलाब झिंदाबाद’ ही घोषणाही त्यांचीच मानली जाते. एकच माणूस इतकी हळुवार गझल आणि इतकी धगधगती घोषणा देतो, याचे उर्दू वाचकांना नेहमी कौतुक वाटत आले. पण या दोन्हींच्या मधे त्यांचे एक घर होते, त्या घरात एक चूल होती, एक लहान मुलगी होती आणि रोजचा हिशेब होता. त्या घराबद्दल कमी बोलले जाते.

त्यांचे मूळ नाव सय्यद फजलुल हसन. लखनौ आणि कानपूरच्या दरम्यान, उन्नाव जिल्ह्यात मोहान नावाचा कसबा आहे, तिथला जन्म, म्हणून मोहानी. पूर्वज इराणातल्या निशापूरहून आलेले. शाळेत हुशार, म्हणून शिष्यवृत्ती मिळाली आणि अलीगढच्या कॉलेजात प्रवेश झाला. ते पहिल्यांदा अलीगढला आले तो प्रसंग त्यांचे सहाध्यायी आणि पुढे प्रसिद्ध झालेले लेखक सज्जाद हैदर यलदरम यांनी मोठ्या गमतीने लिहून ठेवला आहे. सुटाबुटातल्या मुलांच्या त्या कॉलेजात एक एक्का येऊन थांबला आणि त्यातून जुन्या वळणाच्या अंगरख्यातला, घट्ट पायजम्यातला एक ठेंगणा मुलगा उतरला. हातात चक्क पानदान! मुलांनी त्याच क्षणी त्याचे नाव ठेवले खालाअम्मा, म्हणजे मावशीबाई. ते नाव काही दिवस चिकटलेही. मग मुलांच्या लक्षात आले की या मावशीबाईला हजारो शेर पाठ आहेत आणि गोऱ्या प्रिन्सिपलची तिला अजिबात भीती वाटत नाही.

कॉलेजात असतानाच लग्न झाले. पत्नी निशातुन्निसा बेगम नात्यातल्याच, मोहानच्याच. घरी उर्दू, फारसी, अरबी शिकलेल्या. लग्नाआधी आजूबाजूच्या गरीब मुलींना घरी बसवून शिकवत असत. ही माहिती बहुतेक चरित्रांत एका ओळीत उरकली जाते, पण ती लक्षात ठेवायला हवी. हसरत यांचा पुढचा संसार एकट्या हसरत यांनी ठरवलेला नव्हता.

१९०३ मध्ये बी.ए. झाल्यावर त्या काळच्या अलीगढच्या पदवीधरासाठी सरकारी नोकरीचे दार उघडे असायचे. डेप्युटी कलेक्टर, मुन्सिफ, काहीतरी. हसरत यांनी त्याच वर्षी अलीगढमध्ये ‘उर्दू-ए-मुअल्ला’ हे मासिक सुरू केले. त्यात जुन्या कवींचे विस्मरणात गेलेले दिवान, गझलांची चर्चा आणि त्याच्याच शेजारी सरकारवर टीका. १९०४ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला ते गेले. पुढच्या वर्षी बंगालची फाळणी झाली, स्वदेशीची चळवळ पेटली, पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. अलीगढचे बहुतेक लोक या सगळ्यापासून चार हात लांब होते. हसरत मात्र त्यात पूर्ण उतरले. त्यांनी लोकमान्य टिळकांना आपले राजकीय गुरू मानले आणि शेवटपर्यंत मानले. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा ते टिळकांबरोबर बाहेर पडले. टिळकांवर त्यांनी उर्दूत कविता लिहिल्या, टिळक गेले तेव्हाही लिहिली.

स्वदेशीचा अर्थ त्यांच्यापुरता अगदी घरगुती होता. घरात परदेशी कापड येणार नाही. त्याबद्दल भाषण करायचे नाही, वाद घालायचा नाही, आणायचेच नाही. त्यांची एक हकीकत उर्दू घराघरांत सांगितली जाते. थंडीच्या दिवसांत ते एका स्नेह्याकडे मुक्कामाला गेले. रात्री यजमानांनी पायथ्याशी एक उबदार कांबळे ठेवले. सकाळी पाहतात तो पाहुणा अंगाची मुटकुळी करून पडलेला आणि कांबळ्याची घडी मोडलेली नाही. कांबळे विलायती होते. रात्री उठवून दुसरे मागितले असते तर यजमानाला अवघडल्यासारखे झाले असते, म्हणून तेही केले नाही. ही हकीकत ऐकून कोणी हसते, कोणी थक्क होते. उत्तर हिंदुस्थानची थंडी ज्यांनी अनुभवली आहे ते बहुधा हसत नाहीत.

१९०८ च्या जून महिन्यात पोलीस आले. ‘उर्दू-ए-मुअल्ला’मध्ये इंग्रजांच्या इजिप्तमधल्या धोरणावर टीका करणारा एक लेख छापला होता. लेख दुसऱ्या कोणाचा होता. हसरत यांनी लेखकाचे नाव सांगायला नकार दिला आणि जबाबदारी स्वतःवर घेतली. त्याच महिन्यात मुंबईत टिळकांनाही राजद्रोहाखाली अटक झाली होती. हसरत यांना दोन वर्षांची सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड झाला. अपिलात मुदत एक वर्षावर आली. दंड भरायला पैसे नव्हते. म्हणून त्यांचा ग्रंथसंग्रह जप्त करून लिलावात काढला. कुठून कुठून जमवलेली हस्तलिखिते, दुर्मीळ दिवान, वर्षानुवर्षांची कमाई मातीमोल भावाने गेली. ज्या माणसाने घरात दुसरे काही साठवले नव्हते त्याची एकमेव साठवण ती होती.

अटक झाली तेव्हा तान्ही मुलगी नईमा आजारी होती. घरात बेगम आणि एक नोकर, तिसरे कोणी नाही. अशा वेळी बायकोने तुरुंगात काय लिहून पाठवावे? निशातुन्निसा यांनी पाठवलेले पत्र उर्दू पत्रकारितेच्या इतिहासात नोंदले गेले आहे. जे आले आहे ते धीराने सोसा, माझी किंवा घराची काळजी करू नका, आणि तुमच्याकडून कसलाही कमकुवतपणा दिसता कामा नये, असा त्याचा आशय होता. या पत्रावर आजवर फार टाळ्या पडल्या आहेत. पण टाळ्या वाजवताना पत्र लिहिणारी बाई किती वर्षांची होती, तिच्या मांडीवर काय होते आणि घरात किती दिवसांचे पीठ होते, हे विचारणारे थोडे.

वर्षभराने हसरत सुटले तेव्हा अलीगढमध्ये त्यांच्या वाटेला जायला लोक घाबरत होते. त्यांचे मासिक छापायला कोणी मुद्रक तयार होईना. तेव्हा त्यांनी घरातच एक लाकडी हातयंत्र बसवले. शिळाछापाचे काम. मजकूर लिहिणे, तो दगडावर उतरवणे, शाई लावणे, यंत्र ओढणे, पाने जुळवणे. संपादक, मुद्रक, हमाल सगळे एकच, आणि जोडीला बेगम. लहानशा घरात एका बाजूला चूल, दुसऱ्या बाजूला छापखाना. आज घरून काम करण्याचे मोठे अप्रूप आहे. या जोडप्याने ते शंभर वर्षांपूर्वी केले, शाईने काळे झालेल्या हातांनी. मासिकाचा आकार लहान होता, वर्गणीदार मोजके होते, पण कोणाचे देणे नव्हते, त्यामुळे कोणाचे ऐकायचीही गरज नव्हती.

सरकारने तो मार्गही बंद केला. १९१३ मध्ये प्रेस ॲक्टखाली तीन हजार रुपयांचा जामीन मागितला. सगळा छापखाना, घरातल्या भांड्यांसकट, विकला असता तरी तेवढे पैसे उभे राहिले नसते. ‘उर्दू-ए-मुअल्ला’ बंद पडले.

पुढे त्यांनी जे केले त्याने त्यांचे मित्रही चक्रावले. त्यांनी अलीगढच्या रसलगंजमध्ये स्वदेशी कापडाचे दुकान उघडले. सय्यद घराण्यातला, बी.ए. झालेला, उर्दूतला नामवंत गझलकार गजाने कापड मोजू लागला. त्या काळी सभ्य मुसलमान घरांत दुकानदारी हलकी समजली जाई. हसरत यांना त्यात कमीपणा वाटला नाही. पैगंबर मुहम्मद स्वतः व्यापार करत होते, हे सांगण्याचीही त्यांना गरज भासली नाही. ते सरळ गादीवर जाऊन बसले. मौलाना शिबली नोमानी हे त्या काळचे थोर विद्वान. मुंबईशी त्यांचे जुने नाते होते. त्यांनी मुंबईच्या बड्या व्यापाऱ्याकडे शब्द टाकला आणि हसरत यांना उधारीवर माल मिळू लागला. शिबलींनी त्यांची थट्टाही केली: आधी शायर, मग राजकारणी आणि आता वाणी, हा माणूस आहे की जिन्न, असे त्यांना वाटू लागले होते.

या दुकानामागचा विचार साधा होता. लोकांना विलायती घेऊ नका म्हणून सांगणे सोपे असते. पण मग घ्यायचे काय, कुठून, कोणत्या भावात? कसब्यातल्या बाईला ईदसाठी मुलांचे कपडे शिवायचे आहेत, तिला व्याख्यान नको आहे, चार हात कापड हवे आहे. ते तिच्या गल्लीत, तिला परवडेल अशा भावात मिळाले तर ती घेईल. हसरत यांनी ही अडचण ओळखली आणि ती सोडवायला स्वतः बसले. त्यांच्या बरोबरीच्या कितीतरी पुढाऱ्यांनी स्वदेशीचे ठराव मांडले. गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाशी भाव करणारे फार थोडे निघाले.

१९१६ मध्ये पुन्हा अटक. महायुद्धाचे दिवस होते. सरकारने त्यांना नजरकैदेचा हुकूम दिला, त्यांनी तो मानायला नकार दिला, मग पुन्हा तुरुंग. ललितपूर, झाशी, अलाहाबाद, फैजाबाद, लखनौ, मेरठ. दोन वर्षे एका तुरुंगातून दुसऱ्यात. या दोन वर्षांत निशातुन्निसा बेगम जे जगल्या ते हसरत यांच्या चक्कीपेक्षा कमी नव्हते. त्यांनी पडदा गरजेपुरता बाजूला ठेवला आणि घराबाहेर पडल्या. वकिलांना भेटल्या, कोर्टात गेल्या, एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात हलवलेल्या नवऱ्याला भेटायला लांबलांबचे प्रवास केले. दुकान चालवले. हसरत यांच्या गझलांचा दिवान छापून घेतला. १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू आले तेव्हा मद्रासला त्यांना भेटलेल्या महिलांच्या शिष्टमंडळात त्या होत्या.

त्या दिवसांत लखनौचे पंडित किशनप्रसाद कौल त्यांना भेटायला अलीगढला गेले. दुकानात माल उरला नव्हता, घरात चणचण उघड दिसत होती. कौल यांनी संकोचत सुचवले की काही मित्र मिळून थोडी रक्कम जमवू शकतील. बेगमनी शांतपणे नाही म्हटले. आहे त्यात भागते, असे सांगितले. मग त्यांनीच एक वाट काढून दिली: मदत करायचीच असेल तर हसरत यांच्या दिवानाच्या प्रती इथे पडून आहेत, त्या विकून द्या. कौल यांनी ही भेट पुढे लिहून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली.

हा नकार नीट पाहण्यासारखा आहे. मदतीचा हात झिडकारून पाहुण्याला खजील केले नाही, आणि घराची लाजही राखली. रमजानमध्ये जकात आणि सदका देताना जुनी माणसे सांगत असतात की खरा गरजू हात पसरत नाही, त्याला शोधावे लागते. बेगमनी त्याच्याही पुढचे केले. त्यांनी दान घेण्याऐवजी गिऱ्हाईक मागितले.

तरीही एक प्रश्न उरतोच, आणि तो हसरत यांच्या चाहत्यांनी टाळू नये. साधेपणाचा निर्णय घेणाऱ्या माणसाच्या घरात त्याची किंमत कोण मोजतो? पुरुषाच्या वाट्याला तुरुंग येतो, पण त्याबरोबर नावही येते. घरी उरलेल्या बाईच्या वाट्याला उधारी, आजारी मूल आणि शेजाऱ्यांच्या नजरा. अनेक थोर माणसांच्या चरित्रांत या ठिकाणी एक मुकी, सोसणारी पत्नी दिसते. हसरत यांच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही, कारण निशातुन्निसा मुक्या नव्हत्या. त्या बोलत होत्या, लिहीत होत्या, काँग्रेसच्या अधिवेशनांना जात होत्या. विलायती कापड घरात न येऊ देण्यात त्यांचा आग्रह नवऱ्याइतकाच होता. पण म्हणून त्यांचे सोसणे हलके झाले, असेही नाही. घरातल्या दोघांनी मिळून ठरवलेली टंचाई आणि एकाने दुसऱ्यावर लादलेली टंचाई, या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक असतो. भूक मात्र दोन्हीकडे सारखीच लागते.

१९१८ मध्ये हसरत सुटले. पुढची चार वर्षे त्यांच्या सार्वजनिक आयुष्यातली सर्वांत गाजलेली, आणि ती इतरत्र पुष्कळदा सांगितली गेली आहेत. १९१९ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या खिलाफत परिषदेत त्यांनी ब्रिटिश मालावर बहिष्काराचा आग्रह धरला. महात्मा गांधींना तो पटला नाही, आणि त्याच चर्चेत पर्याय शोधता शोधता त्यांना असहकार हा शब्द सुचला, असे गांधीजींनीच आत्मकथेत लिहिले आहे. १९२१ मध्ये अहमदाबादच्या काँग्रेसमध्ये हसरत यांनी संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला. गांधीजींनी विरोध केला, ठराव पडला. पुढच्या वर्षी हसरत यांना पुन्हा अटक झाली. या शिक्षेतला काळ त्यांनी पुण्याच्या येरवडा तुरुंगात काढला. १९२४ मध्ये ते सुटले. १९२५ मध्ये कानपूरला कम्युनिस्टांची पहिली परिषद भरली तेव्हा स्वागताध्यक्ष हेच मौलाना. पाच वेळचे नमाजी, हजला जाणारे, जन्माष्टमीला मथुरेची ओढ लागणारे, श्रीकृष्णावर भक्तीने कविता लिहिणारे आणि वर कम्युनिस्ट परिषदेचे स्वागताध्यक्ष. ज्यांना माणसे एका खणात ठेवायची सवय आहे त्यांची हसरत यांनी फार पंचाईत करून ठेवली आहे.

या काळात बिऱ्हाड कानपूरला हलले होते. तिथेही स्वदेशीचे दुकान होते, आता थोडे मोठे, खिलाफत स्वदेशी स्टोअर नावाचे. घर मात्र पूर्वीसारखेच. मौलाना स्वतः सार्वजनिक नळावरून पाणी भरून आणत. बाजारहाट स्वतः करत. देशभर नाव असलेला पुढारी हातात घागर घेऊन नळावर उभा आहे, हे दृश्य मोहल्ल्याला नवे नव्हते. डोक्यावर जुनी तुर्की टोपी, अंगात साधी शेरवानी, विस्कटलेली दाढी, जाड चष्मा. भाषणाला उभे राहिले की आवाज बारीक आणि चिरका, आणि शब्द कोणाचीही भीड न ठेवणारे.

प्रवास रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने. मित्रांनी वरच्या वर्गाचे तिकीट काढून देण्याची तयारी दाखवली तरी तिसराच. आयुष्याच्या उत्तरार्धात ते दहाहून अधिक वेळा हजला जाऊन आले. एवढा पैसा आला कुठून, असा प्रश्न पडतो. उत्तर पुन्हा त्यांच्या राहणीतच आहे. जहाजाच्या डेकवर, सगळ्यात स्वस्त जागेत, मोजक्या सामानानिशी ते निघत. ज्याच्या गरजा एका वळकटीत मावतात त्याला दूरचा प्रवासही महाग पडत नाही.

उर्दूत दोन शब्द आहेत, दोन्ही अरबीतून आलेले, आणि रमजानच्या प्रवचनांत हमखास ऐकू येणारे. एक इसराफ, म्हणजे उधळपट्टी, गरजेपलीकडचा खर्च. दुसरा कनाअत, म्हणजे आहे त्यात मनापासून समाधान. मशिदीतून हे शब्द ऐकून बाहेर पडावे आणि समोरच्या बाजारात इफ्तारच्या चाळीस पदार्थांच्या गाड्या, पायांखाली प्लास्टिकच्या पेल्यांचा खच दिसावा, हा अनुभव हल्ली कुठल्याही गावात येतो. त्यात फक्त मुसलमान दोषी आहेत असे नाही; दिवाळी, लग्नसराई, कोणताही प्रसंग घ्या. हसरत यांच्या घरात कनाअत या शब्दावर प्रवचन झाल्याचे कुठे वाचायला मिळत नाही. तिथे फक्त कमी वस्तू होत्या. आणि त्या वस्तू कुठून आल्या, कोणी बनवल्या, त्यांचा पैसा कोणाकडे गेला, हे घरातल्या दोघांनाही ठाऊक होते.

१९३७ च्या एप्रिलमध्ये कानपूरला निशातुन्निसा बेगम वारल्या. साडेतीन दशकांची सोबत संपली. छापखान्याची शाई, दुकानाचा गल्ला, तुरुंगाच्या दारातल्या भेटी, यांत जिचा अर्धा वाटा होता ती गेली. त्यानंतरही मौलानांची राहणी बदलली नाही. बदलायला काही उरले नव्हते, असेही म्हणता येईल.

१९४६ मध्ये ते संयुक्त प्रांतातून संविधान सभेवर निवडून गेले. देशाची फाळणी झाली. त्यांचा फाळणीला विरोध होता, ते इथेच राहिले. दिल्लीला अधिवेशनासाठी सदस्य येत तेव्हा त्यांच्या राहण्याची, येण्याजाण्याची सरकारी सोय असे, भत्ता मिळे. मौलानांनी भत्ता घेतला नाही, सरकारी निवासही घेतला नाही. संसद भवनाजवळच्या एका मशिदीत ते उतरत. तिथेच वळकटी, तिथेच लोटा, तिथेच नमाज. मशिदीतून सभागृहापर्यंत जायला सामायिक टांगा करत, चार अनोळखी माणसांबरोबर. टांग्यातल्या कोणाला कल्पना नसायची की शेजारी दाटीवाटीने बसलेला हा म्हातारा आता देशाच्या घटनेवर भांडायला निघाला आहे.

आणि ते भांडले. सभागृहात त्यांचे मत अनेकदा एकट्याचे असे. लोक हसत, कंटाळत, ते उभे राहून बोलतच राहत. मसुद्यातल्या पुष्कळ गोष्टी त्यांना मान्य नव्हत्या. घटना तयार झाल्यावर त्यांनी तिच्यावर सही केली नाही. त्यांची सगळी मते पटतील असे नाही, त्या वेळीही पटली नव्हती. पण त्यांना गप्प बसवायला कोणाकडे काही साधन नव्हते. काढून घेण्यासारखा बंगला नव्हता, थांबवण्यासारखा भत्ता नव्हता. इंग्रजांनी जप्त करण्यासारखे जे एकमेव होते ते चाळीस वर्षांपूर्वीच लिलावात नेले होते.

१९५० मध्ये त्यांनी शेवटचा हज केला. परतल्यावर प्रकृती ढासळत गेली. १३ मे १९५१ रोजी लखनौला त्यांचे निधन झाले. तिथल्याच कब्रस्तानात त्यांना दफन केले.